आजोबांना हिरवे करण्याची शास्त्रोक्त पद्धत

कृष्णधवल फोटो काळा-पांढराच छापून आणण्यात कसला आला पुरुषार्थ? खरे कसब त्यातून हिरवट, जांभळट किंवा गुलाबी आजोबा बाहेर काढण्यात आहे. होतकरूंनी पुढील पथ्ये काटेकोर पाळावीत.

१. करड्या शाईला हात लावू नये. सायन, मॅजेंटा आणि पिवळी या तीन शायांतूनच करडा रंग जुळवावा. प्रमाण जराही ढळले की रंग चढलाच. लाल पागोट्यात थोडी लाली वाढली तर कुणाला पत्ता लागत नाही. करड्या कोटावरची हिरवी झाक मात्र शेजारचे पोरही दाखवून देते. एप्सन या प्रिंटर कंपनीने २००५ साली तीन छटांच्या काळ्या शाया आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ नावाची सोय आणली. ती निवडली की छपाईचा बहुतेक भार काळ्या-करड्या शाया उचलतात आणि सगळी मजा जाते. त्या बटणापासून लांब राहावे.

२. कारभारी दोन नेमावेत. रंगांची व्यवस्था फोटोशॉपकडेही सोपवावी आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरकडेही. एकाच आमटीत दोघांनी मीठ घातल्यावर जे होते, तेच इथे होते. चुकूनही एकाला सुट्टी देऊ नये.

३. कागद मॅट, प्रोफाइल ग्लॉसीचे. प्रत्येक कागद शाई आपापल्या परीने पितो, म्हणून प्रत्येकाचे प्रोफाइल, म्हणजे रंगांचा हिशेब सांगणारी फाइल, वेगळे असते. या क्षुल्लक गोष्टीकडे काणाडोळा करावा. शाईही बाजारात स्वस्त मिळेल ती भरावी आणि प्रोफाइल मूळ शाईचेच चालू ठेवावे.

४. शाई फवारणारी नोझल तपासू नये. मॅजेंटाची नोझल तुंबली की आजोबा आपोआप हिरवे होतात. सायनची तुंबली तर लालसर, पिवळ्याची तुंबली तर निळसर. आवडीप्रमाणे तुंबू द्यावी.

५. चाचणी घेणे हा भित्रेपणा आहे. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या पायऱ्यांची एक पट्टी आधी छापली, तर कुठल्या छटेत कुठला रंग शिरतो ते फुटकळ खर्चात कळते. म्हणून थेट सोळा बाय वीस इंचांचाच फोटो काढावा.

६. पारख ट्यूबलाइटखाली, फ्रेम पिवळ्या बल्बखाली. इथे करडा दिसणारा फोटो तिथे तांबूस दिसू शकतो. भर म्हणून अतिशुभ्र कागद घ्यावा. त्यातली चकाकी आणणारी रसायने अतिनील किरण शोषून निळसर उजेड टाकतात, त्यामुळे आजोबा खिडकीजवळ गारठलेले दिसतात. प्रिंट वाळायची वाट न पाहता रंगाचा निवाडा करावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी नवा वाद घालता येतो.

इतके सगळे करूनही आजोबा काळे-पांढरेच आले, तर प्रिंटरसोबतची माहितीपुस्तिका घरात कुणीतरी वाचली आहे, हे नक्की. ती आधी रद्दीत घाला.