प्रीमियम वसूल

मराठी मध्यमवर्गाच्या अर्थशास्त्रात नफा आणि तोटा हे दुय्यम शब्द आहेत. मुख्य शब्द ‘वसूल’. अमर्याद थाळीच्या हॉटेलात पोट भरलं का, हे कुणी विचारत नाही. पैसे वसूल झाले का, हे विचारतात, आणि त्यासाठी बासुंदीची चौथी वाटी काढ्यासारखी घशाखाली उतरवली जाते. नाटक रटाळ निघालं तरी मध्यंतरात उठायचं नसतं, कारण तिकीट काढलेलं असतं. निवृत्तीनंतर ही वृत्ती ओसरत नाही; हाताशी वेळ आल्यामुळे बहरतेच. फक्त आरोग्यविम्यापाशी येऊन तिची पंचाईत होते. इथे पैसे वसूल करायचे तर इस्पितळात भरती व्हावं लागतं, आणि घसघशीत वसूल करायचे तर आयसीयूत. तरीही ‘बारा वर्षं हप्ते भरतोय, एक छदाम परत मिळाला नाही’ हे वाक्य बागेतल्या बाकावर इतक्या हळहळीने उच्चारलं जातं, की ऐकणाऱ्याला वाटावं, याला ‘होईल हो, तुमचंही काहीतरी होईल’ असा धीर द्यावा. माझं म्हणणं या बाकाला रुचणार नाही. निवृत्त माणसाने मूळ पॉलिसीच्या वरचं जादा कवच निवडताना, जे वसूल होण्याचा संभव सगळ्यात कमी, तेच घ्यावं.

आधी हे जादा कवच म्हणजे काय ते पाहू. मेडिक्लेम ही सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ साली आणलेली पॉलिसी, पण वनस्पती तुपाचा जसा डालडा झाला तसा आपल्याकडे कुठल्याही आरोग्यविम्याचा मेडिक्लेम झाला. निवृत्ताच्या कपाटात बहुधा अशी एक जुनी मेडिक्लेम असते, तीन-पाच लाखांची. घेतली तेव्हा ही रक्कम ऐकून शेजारी दचकले होते. आता इस्पितळाचा बिलिंग काउंटर ती ऐकून दचकत नाही, फक्त ‘बाकीचं कसं करणार?’ एवढंच विचारतो. मूळ रक्कमच वाढवायला जावं, तर साठीनंतर हप्ता असा फुगतो की पेन्शन आणि हप्ता यांत कोण कुणासाठी आहे ते कळेनासं होतं. म्हणून टॉप-अप आणि सुपर टॉप-अप. दोन्हींत ‘डिडक्टिबल’ नावाचा उंबरठा असतो, समजा पाच लाखांचा. त्याच्या आतलं बिल तुमचं, नाहीतर तुमच्या मूळ पॉलिसीचं, आणि वरचं या जादा पॉलिसीचं. फरक एवढाच की साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक भरतीला उंबरठा नव्याने ओलांडावा लागतो, सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराची बिलं एकत्र मोजतात. जूनमध्ये चार लाखांचं बिल झालं आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा चार लाखांचं, तर टॉप-अप दोन्ही वेळा ‘पाचच्या आत आहे’ म्हणून हात वर करतो. सुपर टॉप-अप बेरीज आठ लाख धरून वरच्या तीन लाखांसाठी उभा राहतो. उतारवयात आजार एकरकमी येत नाहीत, हप्त्याहप्त्याने येतात. ‘सुपर’ हा शब्द वॉशिंग पावडरच्या पुड्यावर असतो तसा शोभेचा समजून चार पैसे वाचवणाऱ्याची इथेच फसगत होते.

पण या उंबरठ्यालाच आपला माणूस अडखळतो. ‘पहिले पाच लाख मीच घालायचे? मग तुम्ही कशाला?’ हा सवाल वरकरणी बिनतोड आहे. लग्नाला बोलवावं आणि वरणभात घरून खाऊन या म्हणावं, तशातला प्रकार. मात्र हिशेब मांडला की उंबरठा आपल्या बाजूचा निघतो. छोटे आजार पुष्कळांना होतात आणि वारंवार होतात, म्हणून छोट्या बिलांची भरपाई देणारी पॉलिसी महागच असते. हजारो लोकांच्या छोट्या बिलांचे पैसे कंपनी त्याच हजारो लोकांकडून गोळा करणार, वर कारकुनी, कमिशन आणि नफा चढवणार. उंबरठ्याच्या वर मात्र थोडेच लोक जातात, पण जे जातात त्यांचं घर हलतं. थोड्यांवर कोसळणारं ओझं पुष्कळांनी वाटून घ्यायचं, हाच तर विम्याचा मूळ धंदा. म्हणून त्याच रकमेच्या साध्या पॉलिसीपेक्षा सुपर टॉप-अपचा हप्ता पुष्कळ कमी असतो. वरणभात आपला आपल्याला परवडतो, हे एकदा मान्य केलं की बोलणी श्रीखंडावर येतात.

वसुलीवाद्यांचं मन ओळखूनच पॉलिसीला ‘ओपीडी’ची झालर लावलेली असते: डॉक्टरांची फी, चष्मा, दातांचं काही. थोडे हजार जादा भरा आणि वर्षभरात जवळपास तेवढेच परत घ्या. हा विमा कसला, ही भिशी झाली, आणि तीही अशी की भिशीवाला दर वेळी आपला चहा वजा करून घेतो. तीच गत फुकट वार्षिक तपासणीची. ती करून घ्यायला हरकत काहीच नाही, पण तिच्यासाठी पॉलिसी निवडणं म्हणजे फुकट पंचांग मिळतं म्हणून किराणा दुकान निवडणं. या सगळ्या उलाढालीत ‘क्युम्युलेटिव्ह बोनस’ ही एकच सोय मला तत्त्वाची वाटते. वर्षभर दावा केला नाही तर विम्याची रक्कम वाढते. यंदा जेवला नाहीत म्हणून पुढच्या वर्षी मोठं ताट. हे तर्कशास्त्र थाळीच्या हॉटेलाला पटणार नाही, पण कंपनीला पुरतं ठाऊक आहे की रिकामं ताट कितीही मोठं केलं तरी स्वस्त पडतं.

वसुलीची खरी चुरस पाहायची असेल तर न-देय वस्तूंची यादी वाचावी. विमा नियामकाने ती आखून दिली आहे. तिच्या पहिल्याच भागात ६८ नोंदी आहेत आणि विनोदी वाङ्मय म्हणून तिची उपेक्षा झाली आहे असं माझं स्पष्ट मत आहे. कानातले बोळे, कॅरी बॅग, मिनरल वॉटर, टेलिफोनचं बिल, टेलिव्हिजनचं शुल्क, लाँड्री, कुरिअर. बाळाचं खाणं आणि जन्मदाखला हेही मिळणार नाही, याची बहात्तर वर्षांच्या गृहस्थाने नोंद घ्यावी. सौंदर्यसेवा नाही. शुगरफ्री गोळ्या नाहीत. थर्मामीटर नाही, म्हणजे ताप कंपनीचा, पण तो किती आहे हे कळायचा खर्च तुमचा. आणि अगदी शेवटच्या टप्प्याचा विचार करून शवागाराचा आकारही नाही. हसून झालं की त्याच यादीतले हातमोजे, मास्क, डायपर आणि ‘तपशील न दिलेलं कुठलंही किट’ या नोंदींकडे पाहावं. दोन दिवसांच्या भरतीत त्या किरकोळ असतात, तीन आठवडे आयसीयूत काढले तर नसतात. म्हणून वसुलीच्या मोहापासून दूर राहा असं सांगतानाही, अशा ‘कन्झ्युमेबल्स’ची भरपाई देणारं कलम थोड्या जादा पैशांत मिळत असेल, तर ते घ्यावं असं मी म्हणतो. नियम मोठ्या खर्चाचा आहे; हातमोज्यांचा खर्च मोठा झाला की तोही नियमात बसतो.

आता आक्षेप. सगळ्यात जुना आणि सगळ्यात मराठी आक्षेप एफडीचा. ‘तेवढेच पैसे बँकेत टाकले तर निदान दिसतात तरी.’ दिसतात खरे. पण सुपर टॉप-अपच्या हप्त्याइतके पैसे वर्षानुवर्षं साठवून वीस लाखांचा ढीग व्हायला जेवढी वर्षं लागतील, तेवढी वाट पाहायला हृदयाच्या झडपेला सांगणार कोण? शिवाय एफडीला विम्याचा शत्रू मानण्याचं कारणच नाही. डिडक्टिबलचे पैसे कुठेतरी तयार असावेच लागतात, आणि त्यांना एफडीइतकं चांगलं स्थळ दुसरं नाही. मूळ पॉलिसी नसलेल्या किंवा तिचा हप्ता झेपेनासा झालेल्या माणसाने पाच लाखांची एफडी खाली आणि सुपर टॉप-अप वर, असा संसार थाटला तर तो बरेच दिवस सुखाने चालेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळू लागले आहेत. वय वंदना कार्ड काढलं की झालं, मग आणखी विमा कशाला? कार्ड जरूर काढावं. फुकट ते पौष्टिक या न्यायाने नव्हे, तर खरंच उपयोगाचं आहे म्हणून. मात्र ते पाच लाख माणशी नाहीत, घराचे आहेत. नवराबायको दोघंही सत्तरीपुढचे असले तर वाटून घ्यायचे. उपचार योजनेत सामील इस्पितळातच होतात, आणि तुमच्या बायपासचा सर्जन ज्या इस्पितळात बसतो ते यादीत असेलच असं नाही. केंद्र सरकारच्या सीजीएचएसचे लाभार्थी असाल तर दोहोंतलं एक निवडावं लागतं. खासगी पॉलिसी मात्र कार्डासोबत ठेवता येते. म्हणजे कार्ड हा भक्कम पाया आहे, पण त्याने छप्पर होत नाही. मुलाच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईवडिलांची नावं असतात, हाही त्याच जातीचा दिलासा. मुलगा नोकरी बदलतो तेव्हा पगारवाढीचे पेढे वाटले जातात, आणि वडिलांचं कवच त्या दिवशी संपल्याचं पेढा तोंडात असल्यामुळे कुणी बोलत नाही.

‘कंपन्या शेवटी देतच नाहीत’ हा तिसरा आक्षेप सोसायटीच्या सभेत टाळ्या घेतो. कंपन्या नाकारतात, काही वेळा अन्यायानेही नाकारतात. पण नकाराची एक ठळक वाट आपणच बांधून देतो. जो गृहस्थ सकाळी जॉगर्स पार्कमध्ये अनोळखी माणसाला आपल्या प्रोस्टेटची हकीकत सोनोग्राफीच्या मापांसह ऐकवतो, तोच प्रस्तावाच्या फॉर्मवर ‘पूर्वीचा काही आजार?’ समोर ‘नाही’ अशी खूण करतो. विचारलं तर म्हणतो, ‘शुगर आहे, पण बॉर्डरवर.’ भारताला इतकी लांब बॉर्डर नाही जितक्या लांब बॉर्डरवर आपली शुगर वीस वर्षं उभी आहे. निदान फॉर्म भरताना तरी पार्कमधल्यासारखं अघळपघळ असावं: रक्तदाबाची गोळी, गुडघा, जुनी अँजिओप्लास्टी, सगळं. आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली आहे, आणि पाच वर्षं पॉलिसी अखंड चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय ‘तुम्ही हे सांगितलं नव्हतं’ म्हणून दावा नाकारता येत नाही. पासष्टीनंतर नवी पॉलिसी न देण्याची सोयही कंपन्यांना राहिलेली नाही. याचा अर्थ प्रत्येक अर्ज मंजूर होतो असा मात्र नाही. तीन-चार मोठे आजार सोबत घेऊन पंचाहत्तरीत अर्ज केला तर नकार येऊ शकतो, आणि तिथे माझा युक्तिवाद संपतो. म्हणून हे सगळं निवृत्तीच्या आधी दोन वर्षं करायचं असतं. नेमकं तेव्हाच माणूस निरोप समारंभात शाल मिळणार की स्मार्ट वॉच, या विवंचनेत असतो.

हप्ता वाढतो हे मात्र कबूल करायलाच हवं. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी नियामकाशी बोलावं लागेल, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. बाकावर लगेच आनंद झाला. पण दरसाल दहा टक्के म्हटलं तरी आठ वर्षांत हप्ता दुपटीच्या वर जातो; चक्रवाढ व्याज बँकेत आपल्याला जे देत नाही ते इथे आपल्याकडून घेतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा अठरा टक्के जीएसटी शून्य झाला, ही त्यातली सुखाची गोष्ट. जेवढा हप्ता लहान तेवढी वाढही रुपयांत लहान, म्हणूनही उंबरठा उंच आणि हप्ता कमी ठेवण्यातच शहाणपणा. फक्त उंबरठा मूळ पॉलिसीला जुळवून घ्यावा: मूळ तीन लाख आणि डिडक्टिबल पाच, तर मधले दोन लाख खिशातून जाणार. त्यांची तयारी असेल तर खुशाल जाऊ द्यावेत.

राहता राहिली एक घरगुती बाब. वसूल न होण्यासाठी घेतलेली पॉलिसी विसरायला फार सोपी असते. इस्पितळातल्या कॅशलेसच्या खिडकीला तुम्ही दाखवाल तेच कार्ड दिसतं. बिल उंबरठ्याकडे सरकू लागलं की वरच्या कंपनीला आपणच कळवायचं असतं, आणि ते कळवणारा माणूस त्या वेळी पलंगावर नळ्या लावून पडलेला असतो. बाकीच्यांना पॉलिसीचा पत्ता नसतो, कारण ती लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात, चांदीच्या ताटाखाली, ‘महत्त्वाचे’ असं लिहिलेल्या पिशवीत असते आणि किल्ली कुठे आहे हे फक्त नळ्यावाल्याला माहीत असतं. पॉलिसी क्रमांक आणि कंपनीचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून कागद फ्रिजच्या दारावर लावावा, गॅसवाला आणि इस्त्रीवाला यांच्या नंबरांच्या मधोमध.