पंचावन्न मिनिटांचा उतारा

काविळीच्या माणसाला सगळं पिवळं दिसतं, तसा पुरुषोत्तमनगरच्या माणसाला जगात जिकडेतिकडे ऊस दिसतो. हा दोष आधीच कबूल केलेला बरा, कारण पुढची सगळी मांडणी त्याच्यावरच उभी आहे. शहादा तालुक्यातलं हे गाव साखर कारखान्याच्या आधाराने वसलं. समुद्राशी आमचा संबंध एवढाच की आमच्या भागातून वाहणारी तापी 724 किलोमीटरचा प्रवास करून सुरतेपलीकडे त्याला मिळते, आणि तिच्यासोबत जायची बुद्धी आम्हाला कधी झाली नाही. तेव्हा मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर, आणि त्यातही मुरगाव बंदरात उतरवून एका दिवसात गोवा दाखवणाऱ्या बसवर, आम्ही तोंड उघडावं हा आगाऊपणाच. पण त्या बसचं मर्म खलाशाला कळायचं नाही. ज्याने गव्हाणीकडे सरकणारी ट्रॅक्टरची रांग पाहिली आहे, त्यालाच ते कळेल. ते पर्यटन नसतं, गाळप असतं.

आता पुरावा. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला नाही तर त्यातली साखर घटते. म्हणून कारखान्यात घाई असते, आणि घाई असते म्हणूनच रांग असते. क्रूझचंही तसंच. जहाज सकाळी आठला धक्क्याला लागलं आणि संध्याकाळी पाचला सुटणार, असं धरू. नाश्ता उरकला की माणसं एका मोठ्या दालनात आणून बसवतात, प्रत्येकाच्या छातीवर बसच्या नंबराचं गोल स्टिकर चिकटवतात, आणि नंबर पुकारेपर्यंत कुणी हलायचं नाही. वजनकाट्यापुढे उभा असलेला बैलसुद्धा याहून मोकळा असतो; नाश्ता मात्र दोघांचाही रवंथ करण्याजोगा झालेला असतो. नऊ तास म्हणजे 540 मिनिटं. उतरायची वाट पाहण्यात 60. बसमध्ये बसून मोजणी होईपर्यंत 20. वास्को ते जुनं गोवं, तिथून मंगेशी आणि परत बंदर, असा रस्ता 150. जेवण 75. काजूच्या दुकानात 40. हे दुकान कुणी मागितलेलं नसतं, पण बस आपोआप तिकडे वळते. स्वच्छतागृहापुढच्या रांगेत 35, हरवलेल्या माणसाची वाट पाहण्यात 45, आणि जहाज सुटायच्या तासभर आधी हजर व्हायचं म्हणून 60. गेली 485, उरली 55. टक्केवारी 10.19. हा आकडा पाहून आमच्याकडे कुणीही म्हणेल, ‘उतारा बरा आहे की!’ कारण शंभर किलो उसातून साखर निघते ती साधारण एवढीच. फरक एकच. कारखान्याने उसाचे पैसे शेतकऱ्याला चौदा दिवसांत द्यावेत असा नियम आहे. इथे ऊसच पैसे भरून गव्हाणीत उडी मारतो, तेही आगाऊ.

त्या 55 मिनिटांत काय दिसतं ते एका दमात सांगून टाकतो: बॉम जेझूच्या चर्चचा गिलावा नसलेला जांभा, उंचावर ठेवलेली झेवियरची चांदीची पेटी, समोरचं से कॅथेड्रल आणि मंगेशीची दीपमाळ. झालं. खरा कार्यक्रम याच्या मधल्या जागेत होतो आणि त्याचं नाव मोजणी. गाइड बसच्या दारातून आत येतो, दोन बोटं पुढे धरून प्रत्येक डोक्यामागे ओठ हलवत शेवटच्या सीटपर्यंत जातो, आणि परत येताना त्याचा चेहरा पडलेला असतो. चाळीसाचे एकोणचाळीस. नदी ओलांडलेल्या दहा जणांची वेदान्तातली गोष्ट आपल्याला ठाऊक आहे: मोजणारा स्वतःला सोडून मोजतो, नऊच भरतात, आणि ‘दहावा तूच आहेस’ हे सांगायला कुणी ज्ञानी वाटसरू यावा लागतो. बसमध्ये वाटसरू येत नाही, सूचना येतात. निळ्या टोपीवाले काका दिसत नाहीत, हे पहिल्यांदा मागच्या सीटला उमगतं. काकू शांत असतात. संसारात त्यांनी याहून लांब वाट पाहिलेली असते. ‘येतील, त्यांचं हे नेहमीचंच,’ एवढं बोलून त्या पर्समधून लिमलेटची गोळी काढतात. मग दोन उत्साही तरुण काकांना शोधायला उतरतात, म्हणजे सदतीस. तेवढ्यात काका दुसऱ्याच बाजूने, दोनशे रुपये स्वस्त मिळालेले काजू छातीशी धरून येतात, म्हणजे अडतीस. तरुणांना बोलवायला ड्रायव्हर उतरतो. तो मोजणीत नव्हताच, पण एसी त्याच्याबरोबर बंद होतो, म्हणून आणखी चौघे झाडाखाली जाऊन उभे राहतात. शेवटी सगळे परततात, गाइड पुन्हा दोन बोटं पुढे करतो, आणि एक्केचाळीस भरतात! हिरव्या स्टिकरच्या बसमधल्या एक आजी आपली गाडी समजून खिडकीपाशी बसलेल्या असतात, आणि तिकडे त्यांच्या बसचा गाइड घाम पुसत असतो. या सगळ्या वेळात समोर से कॅथेड्रल निवांत उभं असतं. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक 1776 साली कोसळला. तेव्हापासून तिथेही मोजणीत एक कमीच भरतो, पण त्याने कुणाला थांबवून धरलेलं नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की गाइड नसेल तर समजणार काय? बरोबर आहे, आणि गाइडला बोल लावायचा माझा विचारही नाही. प्रवाशांनी गाइडची टिंगल करणं ही जुनी खोड आहे. 1867 साली ‘क्वेकर सिटी’ जहाजावरून निघालेल्या मार्क ट्वेनच्या मंडळींनी तर वाटेत भेटेल त्या गाइडचं नाव फर्ग्युसन ठेवून टाकलं होतं. पुण्याच्या माणसाला यात काही विनोद दिसणार नाही, तो कोणत्या वर्षीची बॅच एवढंच विचारेल. अडचण गाइडच्या ज्ञानाची नाही, त्याला मिळणाऱ्या वेळाची आहे. तोंडाने तो सांगत असतो की झेवियर लिस्बनहून निघाला तो तेरा महिन्यांनी, 1542 साली गोव्याला पोचला. डोळ्यांनी मात्र तो चाळीस डोकी सांभाळत असतो. तेरा महिने लागलेल्या माणसाला चार मिनिटांत उरकावं लागतं, याची लाज त्याला आपल्यापेक्षा जास्त वाटत असावी. जाताना बस कुठ्ठाळीवरून झुआरीचा पूल ओलांडते, तेव्हा खरं तर गाडी थांबवून सांगायला हवं की मंगेशाचं मूळ ठिकाण हेच, आणि बाटवाबाटवीच्या भीतीने 1560 साली भक्तांनी देव उचलून नदीपलीकडे प्रियोळला नेला. घर सोडून निघालेला देव परत काही आला नाही. एवढं ऐकलं तर पुढे मंगेशीच्या गाभाऱ्यापुढे माणूस क्षणभर वेगळा उभा राहील. पण पुलावर नेमकी पाण्याच्या बाटल्या वाटायची वेळ असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: स्वतःहून फिरायला गेलात आणि जहाज सुटलं तर? जहाजाच्या अधिकृत सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, स्वतंत्र गेलेल्यासाठी थांबत नाही, असा या धंद्यातला रिवाज. म्हणजे तिकिटाच्या किमतीत गोव्याचा भाग थोडा आणि भीतीचा मोठा. ज्यांचे गुडघे बोलतात, ज्यांना जिना चढताना हात लागतो, त्यांच्यासाठी ही भीती विकत घेणंच शहाणपणाचं आहे, हे मान्य. बाकीच्यांनी मात्र आमच्या प्रकाशा गावी येऊन बघावं. तापी आणि गोमाईच्या संगमावरच्या या दक्षिणकाशीत माणसं सकाळी येतात, केदारेश्वराला जातात, घाटावर भाकरी सोडतात, कुणीतरी आडवं होतं आणि कुणीही कुणाला मोजत नाही. उतारा किती पडला हे विचारणाऱ्याला तिथे वेड्यात काढतील.

तिसरा आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो इतर कुणी घेणार नाही. उसाची उपमा इतकी ताणायचीच तर मोजणी कुणाची होते हेही पाहावं लागेल. दिवाळी झाली की धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून माणसं ट्रकमध्ये बसतात आणि ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. मुकादमाने उचल दिलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे दोन माणसं आणि मोजणीत एक. पोरं मोजणीतच नसतात. ती पाचटात खेळतात, आणि शाळेचा हजेरीपट तिकडे डोंगरात कोरा राहतो. हाही समुद्राच्या दिशेचाच प्रवास, महिनोन्‌महिने चालणारा, आणि त्यात कुणी हरवलं तर ट्रक पंचेचाळीस मिनिटं थांबेल याची खात्री मला नाही. इथे माझी उपमा मोडते. क्रूझवरच्या प्रवाशाला ऊस म्हणणं ठीक, त्याला तोडणारा मात्र दुसराच कुणी असतो.

तर पुन्हा बसकडे. पाच वाजता दोर सुटतात, मुरगावचा धक्का मागे सरकतो, आणि निळ्या टोपीवाले काका डेकवर काजूची पिशवी फोडून शेजाऱ्यांना भाव सांगत असतात. छातीवरचं स्टिकर ते ओढून काढतात, पण त्याचा डिंक शर्टाला राहतो. धुतला तरी त्या गोलावर धूळ बसते, आणि पुढे कितीतरी दिवस काकूंना वाळत घातलेल्या कपड्यांत तो शर्ट लांबूनच ओळखता येतो.