मशीनवाले काका

नाशकात निवृत्त माणसाला एखादं पद लागतंच. कुणी सोसायटीचा चेअरमन होतो, कुणी हास्यक्लबाचा अध्यक्ष. ज्यांना यातलं काहीच मिळत नाही, त्यांच्यातल्या एखाद्याच्या हाती स्लीप टेस्टचा रिपोर्ट पडतो.

त्याआधी काका नुसते घोरत. लग्नघरी त्यांची गादी जिन्याखाली पडे, पंचवटी एक्स्प्रेसमध्ये शेजारी कोपराने ढोसत. पण ‘तासाला 42 वेळा श्वास थांबतो’ असं कागदावर आलं आणि घोरण्याला प्रतिष्ठा आली. ‘तीसच्या वर म्हणजे गंभीर!’ हे वाक्य काका डिस्टिंक्शन मिळाल्यासारखं सांगतात.

मग घरात सीपॅप येतं. रात्रभर नाकात हवेचा दाब सोडून घसा मिटू न देणारं मशीन. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये हा उपाय जगापुढे मांडला, आणि सुरुवातीच्या मशीनला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती, हे काका पाहुण्यांना ऐकवतात. ‘आपला तर माळ्यावर पडलाच होता की,’ काकू चहा ठेवता ठेवता म्हणतात.

काका पंचवटीचे असले तर रामायणही येतं. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ते इथेच, आणि कुंभकर्ण तिचा सख्खा भाऊ. सहा महिने झोपूनही तो पेंगतच उठायचा, याचं कारण काय? ‘रात्री श्वास अडकत होता हो त्याचा! लंकेत निदान झालं नाही.’ (मला हे पटतं. कुणी कीर्तनात घ्यायला हरकत नाही.)

काका एचएएलमधून निवृत्त झालेले असले तर विचारूच नका. जिथे मिग-21 बांधली, त्याच ओझरहून आता मुलाकडे दिल्लीला उडायचं. मशीनची बॅग लगेजमध्ये टाका, असं सून फोनवर सांगते. काका हादरतात. लिथियमची बॅटरी लगेजमध्ये चालत नाही, शंभर वॉट-अवरच्या वर असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. पाण्याची टाकी रिकामी हवी, नाहीतर पाणी मोटरमध्ये उतरतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या तीन झेरॉक्स.

तपासणीच्या पट्ट्यावर बॅग अडते, तो काकांचा सोहळा.

‘ये क्या है, अंकल?’

‘साँस का मशीन. बैठो, समझाता हूँ.’

मागे रांग वाढते. जवानाला बसता येत नाही, म्हणून काका उभ्यानेच समजावतात. नळी, मास्क, फिल्टर. मास्क लावून दाखवण्याआधी काकू बाही ओढतात.

विमानात काका झोपत नाहीत. दोन तासांसाठी मशीन काढायचं नाही आणि मशीनशिवाय डोळा लावायचा नाही, हा नियम. ते शेजाऱ्यांच्या माना बघतात. सतरा इंची कॉलर दिसली की डोळे लकाकतात. असाच एक जाडजूड गृहस्थ टेकऑफनंतर घोरू लागतो. काका घड्याळ काढतात. दहा सेकंद श्वास थांबला की एक धरायचा. अर्ध्या तासाने ते त्याला हलवून जागं करतात.

‘अभिनंदन. ओझर सोडल्यापासून सतरा झाले तुमचे.’

‘कसले सतरा?’

काकू एअर होस्टेसला दुसरी सीट विचारतात.