आठ खुर्च्या आणि एक जावई

"ताई, कळलं का तुम्हाला? आमच्या जावयांना विमानात मागे बसवलं."

वहिनींनी आवाज इतका खाली आणला होता, की समोरच्या बंगल्यातल्या मॅनेजरीणबाईंना खिडकीची दुसरी फळीही उघडावी लागली. मी हातातली शेवग्याची काठी भिंतीला टेकवली. शेंगा काय, संध्याकाळीही निघतील.

"मागे म्हणजे?"

"इकॉनॉमीत! तिकीट बिझनेसचं, दिल्लीला मीटिंग. गेटवर पास लावला तर त्या यंत्राचा लाल दिवा लागला. तिथली मुलगी म्हणे, 'सर, एक मिनिट.' आणि हातात नवी चिठ्ठी. टू-डीचं फोर्टीन-बी!"

माझी सगळी नोकरी पिंपरीतल्या कारखान्याच्या ट्रॅव्हल डेस्कवर गेली. साहेबांची तिकिटं काढायची, बदलायची, रद्द करायची आणि त्यांच्या शिव्या खायच्या. त्यामुळे फोर्टीन-बी ऐकल्यावर मला पुढचं सांगावं लागत नाही.

"मधली सीट मिळाली म्हणा की."

"तुम्हाला कसं कळलं?"

"ए खिडकी, सी आइल, बी मधली. पुढून उठवलेल्या माणसाला उरलेली सीट मिळते आणि उरते ती नेहमी मधलीच. बाकीच्या लोकांनी आदल्या दिवशीच वेब चेक-इन करून धरलेल्या असतात."

"हो ना! आणि आइलला कोण असावं? यांच्याच ऑफिसातला ज्युनिअर! त्या मुलाने पोळीचा रोल काढला आणि म्हणाला, सर, अर्धा घ्या."

"घेतला का?"

"घेतला म्हणे," वहिनी जरा नाराजीनेच म्हणाल्या. माझं त्या मुलाबद्दल मत चांगलं झालं.

"पण ताई, असं करता येतं? पैसे घेतलेत ना पुढचे?"

"येतं की. आपल्याकडच्या देशातल्या विमानांत पुढे खुर्च्या असतात किती? बहुतेक आठ, नाहीतर बारा. ठरलेलं विमान बिघडलं आणि दुसरं आणलं, त्यात पुढचा भाग लहान निघाला किंवा मुळात नसलाच, की झालं. कधी एखाद्या खुर्चीची पाठ मागे जात नाही, ती बंद करून ठेवतात. आणि कधी आठ खुर्च्यांची नऊ तिकिटं विकलेली असतात, ते कुणी कबूल करत नाही."

"बरं, पण आठांतले आमचेच का?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. कुणाला उठवायचं याचा हिशेब विमान कंपन्या कुणाला दाखवत नाहीत. पण आमच्या डेस्कवरचा अनुभव असा, की कार्ड जितकं वरचं तितका माणूस खुर्चीत घट्ट. हातात काहीच नाही, किंवा तिकीट स्वस्तातलं, तो आधी उठतो.

"यांचं तर गोल्ड कार्ड आहे!"

"दिवाळीत म्हणाला होतात तसं."

वहिनींनी भिंतीवरचं एक वाळकं पान उचललं, बाजूला टाकलं. "सध्या सिल्व्हर आहे," त्या म्हणाल्या. "मध्ये त्यांचं फिरणं कमी झालं होतं."

समोरची खिडकी जराशी हलली. हळदीकुंकवाला 'आमचे जावई पुढेच बसतात' हे वाक्य बाईंनी वाटीभर तिळगुळाबरोबर गिळलं होतं. आता त्यांनाही काहीतरी मिळायला हवंच.

"ते जाऊ द्या. पैसे मागितले का?"

"तीन हजारांचं व्हाउचर देत होते. पुढच्या प्रवासात वापरा म्हणाले."

"घेतलं नाही ना? सही केली नाही ना कशावर?"

"तुम्ही अशा का ओरडताय?"

ओरडले असेन. पण हे व्हाउचर म्हणजे या सगळ्या प्रकरणातली खरी लबाडी आहे. गेटवर माणूस घाईत असतो, मीटिंग डोक्यात, मागे रांग खोळंबलेली. तेवढ्यात एक कागद पुढे येतो. त्यावर 'स्वखुशीने' असं काही असलं आणि सही झाली, की मग भांडायला तोंड राहत नाही. कारण नियम आहे तो मर्जीविरुद्ध उतरवलेल्या माणसासाठी. आणि तो नियम चांगला घसघशीत आहे, फक्त गेटवर तो कुणी आपणहून सांगत नाही.

"वहिनी, डीजीसीएचा, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नियम आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून. देशातल्या देशात मर्जीविरुद्ध खालच्या वर्गात बसवलं, तर तिकिटाच्या किमतीचे ७५ टक्के परत. तेही कर धरून."

"पाऊण पैसे?"

"पाऊण. समजा एका बाजूचं तिकीट सगळं मिळून ४० हजारांना पडलं, तर ३० हजार परत. आता त्यात करही थोडा नाही. २०२५ च्या सप्टेंबरात बिझनेसवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, इकॉनॉमीवर मात्र ५. म्हणून 'कर धरून' हे दोन शब्द महत्त्वाचे. आधी २०२२ च्या डिसेंबरात मसुदा आला होता त्यात तर सगळेच्या सगळे पैसे परत आणि वर जागा मिळेल त्या वर्गातून फुकट प्रवास, असं होतं. शेवटी नियम आला तो ७५ वर."

"आणि व्हाउचर तीन हजारांचं!" वहिनींनी पदर खोचला. "परदेशाला जाताना असं झालं तर?"

"तिथे अंतरावर आहे. दीड हजार किलोमीटरपर्यंत ३० टक्के, साडेतीन हजारांपर्यंत ५०, त्यापुढे ७५. दिल्लीहून काठमांडूला ३०, मुंबईहून दुबईला ५०, सिंगापूरला ७५."

"म्हणजे काठमांडूला जाताना अपमान स्वस्त."

"तास-दीड तासाचा अपमान तो. लंडनला जाताना नऊ-दहा तास गुडघे छातीशी."

हे ३०-५०-७५ आपल्या लोकांनी युरोपातून उचललं, हे उघड आहे. तिकडे २००५ पासून हाच हिशेब चालतो, सात दिवसांत पैसे द्यायचे आणि प्रवाशाने लेखी संमती दिल्याशिवाय व्हाउचर गळ्यात मारायचं नाही. आमच्या डेस्कवर या युरोपच्या नियमाची एक गंमत होती. चाकण-पिंपरीचं निम्मं काम जर्मनीशी. २००८ मध्ये लुफ्तान्साने पुण्याहून थेट फ्रँकफर्टचं विमान सुरू केलं, तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले होते. पुढे ते बंद पडलं आणि साहेब पुन्हा रात्रीचे घाट उतरून मुंबईला जाऊ लागले. तर गंमत अशी, की म्युनिकहून मुंबईला येताना कुठल्याही कंपनीच्या विमानाला युरोपचा नियम लागतो. पण मुंबईहून म्युनिकला जाताना विमान युरोपियन कंपनीचं असेल तरच. एकच माणूस, एकच खुर्ची, जाताना एक कायदा आणि येताना दुसरा. हे साहेबांना समजावून सांगताना माझा चहा रोज गार व्हायचा.

"आणि अमेरिकेत?" वहिनींची मुलगी तिकडे जायचं म्हणते आहे.

"अमेरिकेत टक्के-बिक्के नाहीत. दोन वर्गांच्या भाड्यातला फरक परत. ऐकायला बरं वाटतं. पण फरक कशातला? तुम्ही बिझनेसचं तिकीट तीन महिने आधी काढलेलं आणि तुलना करायला घेतात त्या दिवशीचं शेवटच्या घटकेचं इकॉनॉमीचं भाडं. ते इतकं चढलेलं असतं, की फरक चिल्लर निघतो. आपला ७५ टक्क्यांचा नियम त्यापेक्षा शंभर पटीने सरळ आहे."

"कुणी कोर्टात जात नाही का हो?"

"जातात की. एक गृहस्थ जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फहून दुबईमार्गे टोकियोला निघाले होते. फर्स्ट क्लासचं तिकीट. एका टप्प्यावर त्यांना बिझनेसमध्ये बसवलं. त्यांनी सगळ्या तिकिटाचे ७५ टक्के मागितले."

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "बिझनेसमध्ये बसवलं म्हणून?"

"हो."

"बिझनेसमध्ये बसायला लागलं म्हणून माणूस कोर्टात गेला?"

"लक्झेंबर्गपर्यंत. युरोपच्या वरच्या न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं, की पैसे मिळतील, पण ज्या टप्प्यावर उतरवलं तेवढ्याच टप्प्याच्या भाड्याचे, आणि कर सोडून."

वहिनींना कर-बिर ऐकू गेला नाही. त्या बराच वेळ त्या गृहस्थांच्या विचारात होत्या. जावयांचं दुःख थोडं हलकं झाल्यासारखं वाटलं मला.

"आपल्याकडेही हैदराबादला झालं ना. तेलंगणाच्या पोलीस महासंचालकांचंच. नवराबायको सिंगापूरमार्गे ऑस्ट्रेलियाला निघाले होते. खुर्च्या बिझनेसच्या, पण पाठ मागे घेण्याचं यंत्र चालेना. रात्रभर ताठ बसून गेले. कंपनीने माणशी दहा हजार माइल्स देऊ केले, यांनी घेतले नाहीत. २०२४ मध्ये ग्राहक आयोगाने ९७,५०० रुपये व्याजासह परत करायला लावले, वर एक लाख भरपाई. म्हणजे खुर्ची पुढची असून चालत नाही, तिने पुढच्यासारखं वागायलाही हवं."

"पोलिसांना सुद्धा कोर्टात जावं लागलं!"

"जावईबापूंना लगेच कोर्ट नको. आधी कंपनीला मेल. दोन्ही पास ठेवलेत ना, टू-डी आणि फोर्टीन-बी? त्यांचे फोटो आणि तिकिटाचं बिल. दाद दिली नाही तर सरकारच्या एअरसेवेवर तक्रार. त्यानंतर ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही आणि आपल्या राहत्या जिल्ह्यात अर्ज करता येतो."

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. वहिनींनी ३० हजारांचं मनातल्या मनात काहीतरी घेऊनही टाकलं असावं. मग मला विचारावंच लागलं.

"वहिनी, तिकीट कुणी काढलं होतं?"

"कंपनीने. कंपनीच तर काढते."

"मग पैसे कंपनीला. ज्या कार्डावरून गेले त्या कार्डावर परत."

"का? गुडघे कुणाचे दुखले?"

"नियमात गुडघे नाहीत. नियमात तिकिटाची किंमत आहे. ज्याने किंमत मोजली त्याचा परतावा."

"म्हणजे अर्ज यांनी लिहायचा, पास यांनी जपायचे, फोन यांनी करायचे आणि पैसे कंपनीच्या घशात? मग कशाला लिहील कुणी?"

बरोबर. कुणी लिहीत नाही. आमच्या डेस्कवर असे किती पैसे विमान कंपन्यांकडे तसेच राहिले असतील, देव जाणे. साहेब येऊन तणतण करायचे, 'काहीतरी करा' म्हणायचे, पण पास मागितला की तो दिल्लीच्या हॉटेलच्या कचरापेटीत. त्यांना पैसे नकोच असायचे. त्यांना हवं असायचं ते पुन्हा असं होणार नाही याचं आश्वासन, आणि ते मी कुठून देणार? मजा अशी, की माइल्स मात्र सगळे स्वतःच्या नावावर घेतात. कंपनीच्या पैशाने उडायचं आणि पॉइंटवर बायकोपोरांना गोव्याला न्यायचं, याबद्दल कुणाला कधी प्रश्न पडल्याचं मी ऐकलं नाही.

"माइल्सचं मात्र बघायला सांगा," मी म्हणाले. "मागे बसवलं तरी पॉइंट बिझनेसचे मागायचे. ते त्यांचे स्वतःचे. कुणी सांगावं, पुन्हा गोल्ड होईल."

वहिनींचा चेहरा उजळला. समोरची खिडकी आता पूर्ण उघडी होती. मॅनेजरीणबाई उघडपणे गज पुसत होत्या.

"ताई, एक विचारू का?" वहिनी भिंतीवर आणखी पुढे झुकल्या. "गेल्या वर्षी आम्ही अष्टविनायकाला गेलो होतो बसने. पहिल्या रांगेचे माणशी दोनशे जास्त घेतले आणि लेण्याद्रीनंतर दुसऱ्याच कुणाला तिथे बसवून आम्हाला मागच्या चाकावर पाठवलं. त्याचे किती टक्के?"

"बसला डीजीसीए लागू नाही हो."

"पण ग्राहक आयोग?"

मी जरा विचार केला. "पावती आहे?"

"आहे ना. गणपतीच्या फोटोमागे."