टेबलांची सोयरीक : नवशिक्यांसाठी

साहित्य : एक लॅपटॉप, पॉवर बीआय डेस्कटॉप (फुकट मिळतं), दोन एक्सेल फायली आणि गावातली अशी एक व्यक्ती, जिला सगळ्यांची आडनावं, वाड्या आणि भांडणं तोंडपाठ आहेत. हे शेवटचं साहित्य मिळालं नाही तर इथेच थांबा.

सरावासाठी महाडच्या खाडीपट्ट्यातलं तुडील घेऊ. गाव खरं, मंडळ काल्पनिक. मुंबईच्या चाकरमान्यांनी वर्गणी काढली आहे. एका टेबलात सभासद, दुसऱ्यात पावत्या. रात्री साडेदहाला काकांचा मेसेज येतो : 'अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? वाडीनिहाय किती जमले ते चार्टमध्ये दाखव. पाच मिनिटांचं काम आहे.'

दोन्ही फायली आत घेतल्या की पॉवर बीआय स्वतःच दोन टेबलांमध्ये नात्याची रेघ ओढून मोकळं होतं. हा उतावळा मध्यस्थ समजा. दोन्हीकडे 'क्रमांक' नावाचा रकाना दिसला, ठरलं लग्न! प्रत्यक्षात एकीकडे सभासद क्रमांक असतो आणि दुसरीकडे पावती क्रमांक, आणि सात नंबरच्या पावतीचे पैसे सात नंबरच्या सभासदाच्या नावावर चढतात, मग त्याने दमडीही दिलेली नसो. ही सोयरीक मोडा. पावत्यांच्या टेबलात सभासद क्रमांकाचा खरा रकाना शोधून तिथे रेघ जोडा : सभासद एक, पावत्या अनेक.

रेघ पुसून नवी जोडायची राहिली, तर प्रत्येक वाडीसमोर एकच आकडा दिसेल. तुडीलमध्ये समाजवाद आलेला नाही. वाडीची गाळणी (फिल्टर) पावत्यांपर्यंत पोचत नाही, म्हणून प्रत्येक ओळीत सगळ्या गावाची बेरीज येते.

आता खरा आजार. चार्ट उघडता आणि सर्वाधिक वर्गणी देणारे म्हणून श्री. ब्लँक झळकतात. काका विचारतात, 'हे कोण? आपल्या भावकीतले?' ज्या पावतीवरचा क्रमांक सभासदांच्या यादीत सापडत नाही, तिच्यासाठी पॉवर बीआयचं इंजिन सभासदांच्या बाजूला एक रिकामी ओळ गुपचूप तयार करतं आणि सगळी पोरकी रक्कम तिथे टाकतं. यात दोष रेघेचा नसतो, नोंदीचा असतो. एकाने क्रमांक मजकूर म्हणून भरलेला, दुसऱ्याने आकडा म्हणून. एकाने '१०४' देवनागरीत लिहिलेला, दुसऱ्याने इंग्रजी आकड्यांत. माणसाला दोन्ही एकशेचारच, पण मजकुराच्या रकान्यात ती दोन वेगळी चिन्हं. शब्दाआधीची मोकळी जागा इंजिन जशीच्या तशी ठेवतं, शब्दानंतरची मात्र आपणहून कापतं. म्हणजे एक्सेलात वेगळे ठरणारे दोन सभासद आत गेल्यावर एकच होतात आणि 'इथे दुहेरी नोंदी आहेत' असा ओरडा सुरू होतो.

मराठीत आणखी एक खास खोडी आहे. 'पुजाऱ्यांची वाडी' यातला 'ऱ्या' दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत मध्ये एक अदृश्य जोडखूण दडलेली असते. पडद्यावर दोन्ही वाड्या हुबेहूब, इंजिनच्या लेखी दोन. हे सापडायला मला एक अख्खी रात्र लागली होती, आणि दुसऱ्या दिवशी कुणी चहासुद्धा विचारला नाही.

म्हणून नाव हे टेबलं जोडायची किल्ली म्हणून कधीच वापरू नका. बिरवाडी महाड तालुक्यातही आहे आणि रोह्यातही, दोन्ही रायगड जिल्ह्यात. पिनकोडही नको : ४०२३०१ हा महाडचा पिन कितीतरी गावांना मिळून एकच. जिल्ह्याची कथा तर निराळीच. १९८१ पर्यंत हा कुलाबा जिल्हा होता. जुन्या कागदावरचा 'कुलाबा' नकाशात टाकलात तर वर्गणी गेट वे ऑफ इंडियाजवळ जमा होण्याची भीती. २०११ च्या जनगणनेत इंग्रजीत 'रायगढ' असं स्पेलिंग आहे. ते टाकलंत तर वर्गणी छत्तीसगडला जाऊ शकते, कारण तिथेही एक रायगढ आहे. त्याच जनगणनेचा संकेतांक ५२० लावा. त्या जनगणनेपुरता तरी तो हलत नाही.

इथवर वैतागून नवशिका 'अनेकास अनेक' हा पर्याय निवडतो आणि गाळणी दोन्ही दिशांना सोडतो. गावातली नाती अशीच असतात, मान्य. तोच चुलतभाऊ, तोच साडू, आणि हाक कुठल्या नात्याने मारायची यावर घरात वाद. इंजिनलाही दोन वाटा दिसल्या की ते तसंच अडखळतं. त्यात 'अनेकास अनेक' नात्यात ती रिकामी ओळ तयारच होत नाही. पोरकी रक्कम एकूण बेरजेत राहते, पण कुठल्याच वाडीत दिसत नाही. चार्ट सुंदर दिसतो. काका खूश. वाड्यांची बेरीज मात्र एकूण रकमेशी जुळत नाही.

तारखांबद्दल थोडक्यात. पावतीची तारीख एक, बँकेत जमा झाल्याची दुसरी. कॅलेंडरच्या टेबलाशी दोन्ही जोडता येतात, पण एका वेळी एकच रेघ चालू राहते, दुसरी तुटक दिसते. ती लागेल तेव्हा यूजरिलेशनशिप या फंक्शनने जागी करा. पावतीत 'रात्री ९.१४' अशी वेळही शिरली असेल तर ती कापून टाका, नाहीतर श्री. ब्लँक तारखांमध्येही हजर होतील.

शेवटी चार्ट पाठवण्याआधी फिल्टर लावून ती रिकामी ओळ लपवायचा मोह होईल. लपवू नका. त्या ओळीतल्या माणसाने पैसे भरलेले आहेत. पावतीबुकावरून त्याला शोधा, फोन करा आणि सभासद क्रमांक विचारून घ्या.