सोनार कसा निवडावा : मिक्सिंगच्या हेडफोनची सोपी कृती

साहित्य : एक लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस, एक बेडरूम (हिलाच यापुढे ‘स्टुडिओ’ म्हणायचं), गणपतीच्या आत सोडायचं एक गाणं आणि घरात कबूल केलेल्या बजेटच्या दुप्पट रक्कम.

पायरी 1. दुकानात जाऊन ‘एक्स्ट्रा बास’ लिहिलेलं खोकं मागा. ऐका, मान डोलवा आणि परत द्या. असे हेडफोन खर्ज पदरचा घालतात. मग तुम्ही मिक्समध्ये डग्गा कमी करता आणि आत्याच्या फोनवर डग्गा वाजलाच नव्हता असं वाटतं. लग्नाच्या अल्बमवाल्याकडून एक्स-रे काढून घेऊ नये. आपल्याला कान गोंजारणारा नव्हे, कान टोचणारा सोनार हवा आहे.

पायरी 2. बंद की उघडे, ते ठरवा. सोनीचे एमडीआर-7506 1991 पासून स्टुडिओंत आहेत. ते बंद पाठीचे, त्यामुळे गायकाच्या कानातला ठेका माइकमध्ये शिरत नाही. सेनहायझरचे 1997 चे एचडी 600 उघड्या पाठीचे. त्यांत आवाज मोकळा वाटतो आणि तासन्‌तास मिक्सिंग करता येतं. मात्र आवाज बाहेर जातो तसा आतही येतो. ऐन दुसऱ्या अंतऱ्यात “तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर!” असं कानावर पडेल. ‘ऐकूच आलं नाही’ ही सबब उघड्या हेडफोनमध्ये चालत नाही.

पायरी 3. ‘ओहम’ हा शब्द गंभीर चेहऱ्याने उच्चारा. दुकानदार म्हणेल, “जास्त ओहम म्हणजे भारी क्वालिटी, साहेब.” हसू नका. ओहम म्हणजे परीक्षेतले मार्क नव्हेत, तो विजेला होणारा अडथळा. बायरडायनॅमिकचे डीटी 770 प्रो 32, 80 आणि 250 ओहमचे मिळतात, एचडी 600 तर 300 ओहमचे. अशा मोठ्या आकड्याचे हेडफोन नुसत्या मोबाइलला लावले, तर गाणं चार जिने चढून आल्यासारखं धापा टाकत येतं. ॲम्प्लिफायर किंवा दमदार इंटरफेस नसेल, तर लहान आकड्यातच सुख माना.

पायरी 4. दुकानदाराने लावलेला डेमो ट्रॅक बंद करायला लावा. तो प्रत्येक हेडफोनवर छानच वाजतो. शंभरदा ऐकलेलं आपलं रेकॉर्डिंग लावा, तंबोरा असलेलं असेल तर उत्तम. घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा जागेवर बसला की जवारी खुलते आणि एका तारेतून स्वरांचं झुंबर लागतं. त्या झुंबराचे लोलक सुटे दिसले पाहिजेत. मग डग्ग्याकडे वळा : घिस्सा वर सरकताना सलग ऐकू यायला हवा, नुसती धपधप नको. शेवटी गायिकेचा ‘स’. डीटी 990 प्रोसारख्या तार-तिखट हेडफोनमध्ये तो टाचणीसारखा टोचतो. घाबरून मिक्समधला ‘स’ बोथट केलात, की बाहेर गायिका दात काढल्यासारखी गाते.

पायरी 5. चष्मा लावूनच घालून बघा. बंद हेडफोनच्या गादीखाली चष्म्याची काडी आली की फट पडते आणि फटीतून पहिला पळतो तो खर्ज. पुष्कळांनी याचा राग तबलजीवर काढला आहे.

पायरी 6. आवाज बेताचा ठेवा. 85 डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. हेडफोनची वॉरंटी असते, कानांची नसते.

पायरी 7. मिक्स झालं म्हणून उठू नका. हेडफोनमध्ये डाव्या बाजूचा आवाज फक्त डाव्या कानाला मिळतो, स्पीकरचा मात्र दोन्ही कानांना. म्हणून टाळ एका टोकाला ठेवून तुम्ही खूश होता, पण स्पीकरवर ते तितके लांब राहत नाहीत. तेव्हा गाणं साध्या स्पीकरवर, मोबाइलवर आणि मित्राच्या गाडीत वाजवा.

सगळीकडे तीच चूक ऐकू आली, तर हेडफोन उत्तम निघाले असं समजा. आता आणखी महागडे घ्यावेत असा मोह होईल. घेऊ नका. डग्गा दोन डेसिबल वर करा. सोनार बदलून कान दुखायचा थांबत नाही.