मामाचा तलाव आणि साहेबाचं साल

पौष महिन्यातली गोष्ट. मी पारशिवनीत अंगणात बाजेवर बसून तुरीचे सोले काढत होतो आणि लेस्टरहून पुतणीचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट प्रश्न, "मोठेबाबा, आठव्या हेन्रीच्या बायका किती जी?"

"सहा," मी म्हणालो. शाळेत इतिहास शिकवण्यात जन्म गेला, एवढं तर यायलाच पाहिजे. पण आवाज जरा मोठा झाला असावा, कारण आतून विचारणा झाली, "कोणाच्या बायका मोजून राह्यले?"

भानगड अशी, की त्या देशात कायमचं राहायचं तर परीक्षा द्यावी लागते. पंचेचाळीस मिनिटांत चोवीस प्रश्न, त्यातले अठरा बरोबर यायला हवेत. तिथला इतिहास, सण, कायदे, रोजचं जगणं, असं सगळं त्यात येतं. नवऱ्याला घोकून घ्यायला वेळ नाही, म्हणून उजळणीचं काम माझ्याकडे आलं. निवृत्त मास्तराला पाच हजार मैलांवरून विद्यार्थी मिळाला, आणखी काय पाहिजे?

तिला पाठ होत नसे ते मी पारशिवनीच्या हिशेबानं सांगायचो. बिग बेन हे घड्याळाचं नाव नाही, मनोऱ्याचं तर नाहीच. ते आतल्या मोठ्या घंटेचं नाव. हे तिच्या ध्यानात राहीना. म्हटलं, "बाई, पुण्या-मुंबईचे लोक पेंच म्हणतात तेव्हा त्यांना वाघ दिसतो. आपल्याला काय दिसतं?" ती म्हणाली, "नदी." झालं, घंटा पाठ झाली. उपासाचे चाळीस दिवस लागायच्या आदल्या मंगळवारी तिकडे घरातली अंडी, दूध, लोणी संपवायला धिरडी करतात. यात समजावण्यासारखं काही नव्हतं. श्रावण लागायच्या आधी मटणाच्या दुकानासमोरची रांग तिनं लहानपणी पाहिली आहे. आणि पाच नोव्हेंबरला ते गाय फॉक्सचा पुतळा जाळतात, कारण १६०५ साली पार्लमेंट उडवायचा कट फसला. आपण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत काढतो, रोगराई घेऊन जा म्हणून ओरडतो आणि गावाबाहेर नेऊन जाळतो. फरक एवढाच, की आपली मारबत दरवर्षी नवं दुखणं घेऊन जाते; त्यांचा बिचारा फॉक्स चारशे वर्षं एकाच गुन्ह्यासाठी जळतो आहे.

मार्चच्या शेवटच्या रविवारी फोन एक तास लवकर आला. त्यांनी घड्याळं पुढे केली होती. त्या दिवशीचा प्रश्न मात्र पुस्तकातला नव्हता, तिच्या पगाराच्या चिठ्ठीतला होता. "मोठेबाबा, इकडं टॅक्सचं साल पाच एप्रिलला संपते आन् सहाला सुरू होते. काहून? पाच ही काय तारीख झाली?"

हा प्रश्न मला फार आवडला. जुन्या इंग्लंडात नवं वर्ष जानेवारीत लागतच नसे, ते लागे पंचवीस मार्चला. देवदूतानं मेरीला गोड बातमी दिली तो हा दिवस. शेताचे खंड याच दिवशी चुकते व्हायचे, नवे करार याच दिवशी ठरायचे, कुळं बिऱ्हाड गाडीत घालून या शेतावरून त्या शेतावर जायची. मग १७५२ साली पार्लमेंटनं पंचांग सुधारलं. दोन सप्टेंबरला माणसं झोपली ती उठली चौदा तारखेला. मधले अकरा दिवस गायब! दिवस गेले तरी सरकार वर्षभराचा कर सोडणार होतं थोडंच? त्यांनी करवर्ष अकरा दिवस पुढे ढकललं, ते पाच एप्रिलला सुरू होऊ लागलं. पुढे १८०० साली जुन्या पंचांगाच्या हिशेबानं आणखी एक दिवस सरकला आणि गाडी सहा एप्रिलवर येऊन थांबली, ती आजतागायत तिथंच उभी आहे. आपल्याकडे साहेबानं १८६७ साली एक मेला सुरू होणारं सरकारी वर्ष एक एप्रिलवर आणलं, तिकडच्या हिशेबाशी मेळ बसावा म्हणून.

सांगता सांगता माझ्या मनात भलतंच आलं. आपल्याकडे सालदार कधी ठरतो? पाडव्याला. जुन्याचा हिशेब चुकता करायचा, धान्य-पैसे बोलायचे, पटलं तर राहा, नाही तर दुसऱ्याच्या वाड्यावर जा. म्हणजे आपली बँक एकतीस मार्चला रात्री दहापर्यंत दिवे लावून बसते, सोसायटीचे लोक कर्जाचं नवं-जुनं करायला गावभर फिरतात, आणि आपण 'हे इंग्रजी खूळ' म्हणून कपाळावर हात मारतो. खोदून पाहिलं तर खाली कुठला तरी इंग्रज शेतकरी सालदाराशी घासाघीस करताना सापडतो. त्यालाही पिकं निघाल्यावर आणि नांगर धरायच्या आधीच वेळ मिळत असणार. मला त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली. (बँकेबद्दल अजून नाही.)

फोनवर तिचा सहा वर्षांचा मुलगा ऐकत होता. मागच्या दिवाळीत आला होता तेव्हा रामटेककडे जाताना त्याला एक तलाव दाखवून मी म्हणालो होतो, हा मामा तलाव. ते त्याच्या डोक्यात बसलं होतं. आता संधी साधून त्यानं विचारलं, "आजोबा, तो तलाव कुठल्या मामाचा?"

पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत आणि मामा एकालाही नाही. 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची पहिली अक्षरं घेऊन सरकारी कागदावर हा मामा जन्मला. मालगुजार म्हणजे भोसल्यांच्या राज्यात गावाचा सारा गोळा करून भरणारा. इंग्रजांनी १८६० नंतरच्या बंदोबस्तात त्याला गावाचा मालकच करून टाकलं. एका कायद्यानं मालक झालेला हा माणूस दुसऱ्या कायद्यानं माजी झाला. तारीख मुद्दाम पाहून ठेवली आहे मी, ३१ मार्च १९५१.

एवढं सगळं मी पोराला सांगायला घेतलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मामा आता कुठं राहतो?"

मी घसा खाकरला आणि १८१८ पासून सुरुवात करणार, तोच मागून पुतणीचा आवाज आला, "मोठेबाबा, हे परीक्षेत नाही येत जी. ते स्कॉटलंडच्या नोटांचं सांगा."

आतून हिचा आवाज आला, "मामा राहते ना बाप्पा तलावातच. त्याले सांगा, शिंगाडे पाठवते म्हणा."

पोरगं ते ऐकून एवढं खूश झालं, की नोटांचं राहूनच गेलं.